भिंतीकडे वळवलेला काटा

विझवे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव विजेच्या बिलावर आणि सासऱ्यांच्या तोंडी तेवढं उरलं होतं. बाकी वसाहतीत, बाजारात आणि शाळाशाळांतून ते विझवेच. आग विझवायचे लाल सिलिंडर तपासायचे, भरून आणायचे, भिंतीवर हाताशी येतील असे टांगून द्यायचे आणि ते चालवायचे कसे याचं प्रात्यक्षिक दाखवायचं, हा त्यांचा धंदा. स्कूटरच्या दोन्ही अंगांना त्यांनी लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. त्यांत एकेक सिलिंडर उभा, तिसरा पायाशी, आणि मागच्या सीटवर दोरीने आवळलेला पत्र्याचा चौकोनी ट्रे. गल्लीतून हा खडखडाट जाऊ लागला की कट्ट्यावरची म्हातारी मंडळी म्हणत, "निघाला बघा, आगीचा दूधवाला."

माणूस कामाला चोख. दुकानात शिरले की सिलिंडरसमोर रचलेली खोकी आधी स्वतः उचलून बाजूला ठेवणार आणि मग मालकाकडे वळणार.

"मालक, आग लागली तर आधी खोकी उतरवणार, की आधी आग विझवणार?"

मालक ओशाळून हसे. पुढच्या खेपेला खोकी पुन्हा तिथेच असत. विझवे न चिडता पुन्हा उचलत. सिलिंडरवरच्या गोल काचेतला काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे ते स्वतः पाहत आणि मालकालाही वाकून पाहायला लावत. "काटा हिरव्यात असला तर हा तुमचा पहारेकरी. लाल पट्ट्यात गेला की नुसता लोखंडाचा तुकडा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पण त्यांचा जीव खरा रमायचा तो प्रात्यक्षिकात. मैदानाच्या मध्यावर ट्रे ठेवायचा. तळाला चार बोटं पाणी, त्यावर डिझेल, आणि वरून पेट्रोलचा शिडकावा. लांब सळईच्या टोकाचा बोळा पेटवून ट्रेला लावला की भक्कन ज्वाळा उठे आणि माणसाच्या डोक्यावर जाई. पुढच्या रांगेतली मुलं किंचाळत, शिक्षिका दोन पावलं मागे सरकत. विझवे मात्र घाई करत नसत. ते आगीला चांगली अंगात येऊ देत. एखाद्या घाबरलेल्या पोराला डोळा मारत. मग पिन उपसायची, नळीचं तोंड आगीच्या मुळाशी धरायचं, मूठ दाबायची आणि झाडू मारल्यासारखी नळी फिरवायची. पांढऱ्या पावडरचा ढग उठे. तो विरला की ट्रेमध्ये आग औषधालाही उरलेली नसे. टाळ्यांचा कडकडाट होई आणि "पुन्हा, पुन्हा" असा गलका उठे. जवळ भरलेला सिलिंडर असला तर विझवे पुन्हा करतही.

टाळ्या थांबल्यावर ते बोट वर करून सांगत, "काडेपेटीला हात लावायचा नाही. न उडालेल्या फटाक्याजवळ जायचं नाही. आगीशी खेळायचं नाही. काय?"

"नाऽऽही," असं मुलं सुरात ओरडत. डोळे सगळ्यांचे ट्रेवर असत.

घरी तीन माणसं. विझवे, त्यांची शिवणकाम करणारी बायको आणि चौथीतली मुलगी. मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. घर दोन खोल्यांचं, मागे छोटा व्हरांडा. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल आणि लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. कातरणांची मोठी टोपली मागच्या व्हरांड्यात. आणि व्हरांड्याच्या दाराशी, खिळ्यावर, घरचा लाल सिलिंडर. कापडाचं घर आहे, तेव्हा सिलिंडर हवाच, असं विझव्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं.

या घरात आगीविषयी दोन कायदे होते. विझव्यांचा कायदा असा, की मोठं होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही.

"मोठं म्हणजे कधी?" भिंगरीने एकदा विचारलं होतं.

"मोठी झालीस की कळेल."

बायकोचा कायदा हातातल्या कामावर अवलंबून असे. सकाळी गिऱ्हाईक दारात उभं असलं, तोंडात टाचण्या असल्या, की ती मान न वळवता म्हणे, "भिंगरे, गॅस पेटव आणि दूध ठेव वर." त्याच लायटरने भिंगरीने संध्याकाळी बाहुलीच्या वाढदिवसाची मेणबत्ती पेटवली, तर "हात मोडून ठेवीन" असं ऐकायला मिळे. सकाळी जो हात शहाणा, तो संध्याकाळी व्रात्य. पोरगी हुशार होती. तिने यातून जो अर्थ काढायचा तो काढला. आग लावणं वाईट नाही, सापडणं वाईट.

शिवाय वर्षातून दोनचार संध्याकाळी हे दोन्ही कायदे रजेवर जात. वसाहतीच्या संघाने सामना जिंकला, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची निवृत्ती झाली की मैदानावर फटाके वाजत आणि ते लावायला विझव्यांना बोलावणं येई. "विझवे आहेत ना, मग भीती कसली?" असं लोक म्हणत. सिलिंडर विकणाऱ्याच्या हाताला आग भीत असावी, असा सगळ्यांचा समज होता. खुद्द विझव्यांचाही थोडासा होता. भुईनळा जमिनीवर ठेवून लावला तर त्यात काय मोठंसं? ते तो तळहातावर घेत. हात सरळ लांब करून उभे राहत. ठिणग्यांचं झाड त्यांच्या हातातून उगवून वर जाई. आणि दोरीच्या मागे दाबून धरलेली पोरं आ वासून बघत.

त्या वर्षी वसाहतीचा संघ अंतिम सामना जिंकला. दिवस मावळायला मैदान भरलं. विझव्यांनी दोन भुईनळे हातात उडवले. तिसरा जमिनीवर लावला, तो काही पेटेना. लोक पाहत राहिले. विझवे सरळ चालत गेले, खाली वाकले, कान भुईनळ्याजवळ नेला, मान हलवली आणि पायाने तो बाजूला सारला. लोक हसले, कुणी शिट्टी मारली.

घरी परतताना भिंगरी म्हणाली, "बाबा, न उडालेल्याजवळ जायचं नाही ना?"

"मुळीच नाही."

"तुम्ही गेलात."

"माझी गोष्ट वेगळी गं. मला कळतं."

"काय कळतं?"

"मेलाय की जिवंत आहे ते. कान दिला की कळतं. जिवंत असला तर आत सळसळतो."

हे बोलताना विझव्यांना आपण जरा बढाई मारतोय एवढंच वाटलं. आपण मुलीला काही शिकवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

बायको मागून येत होती. ती म्हणाली, "शाळेत एक सांगता, मैदानात एक करता. एक दिवस भुवया जातील, मग काळ्या दोऱ्याने शिवून देईन."

"रंग जुळता घे म्हणजे झालं," विझवे म्हणाले, आणि तिघंही हसली.

त्यानंतर लगेचच एका मोठ्या कापड दुकानात प्रात्यक्षिक होतं. एक सोडून बाकी भरलेले सिलिंडर गिऱ्हाइकांकडे अडकले होते, तेव्हा जोडीला असावा म्हणून विझव्यांनी घरचा सिलिंडर खिळ्यावरून काढून नेला. नोकरमंडळी जमली, ज्वाळा उठली, विझली. "पुन्हा होऊ द्या," असं मालकच म्हणाला. विझव्यांनी घरचा सिलिंडर उचलला आणि शेवटच्या फुंकरीपर्यंत रिकामा केला. परत आल्यावर तो भरायला टाकायचा होता. पण भरणाऱ्याच्या कारखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, आणि रिकामा खिळा बायकोच्या नजरेस पडला असता तर तिने दिवसभर टोमणे मारले असते. विझव्यांनी रिकामा सिलिंडर होता तसा खिळ्यावर अडकवला. काटा लाल पट्ट्यात टेकला होता. तो दिसू नये म्हणून त्यांनी सिलिंडर जरा फिरवला आणि काट्याची काच भिंतीकडे केली. दोनतीन दिवसांचा तर प्रश्न. नंतर कामाच्या रेट्यात ते विसरून गेले. जगभरचे काटे तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातला काटा भिंतीकडे तोंड करून ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो, कुणी मुद्दाम पाडत नाही.

शनिवारी शाळेला सुट्टी होती, आणि विझवे एका गोदामात सिलिंडर टांगत होते. शेजाऱ्याचा फोन आला. "घरी या. सगळे बरे आहेत, पण या." "सगळे बरे आहेत" हे वाक्य माणसाला जितकं घाबरवतं तितकं दुसरं कुठलं घाबरवत नाही. वाटेत स्कूटर कुठून कशी नेली हे विझव्यांना नंतर आठवलं नाही.

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. जळक्या केसांचा वास सुटला होता. मागच्या व्हरांड्यात पाण्याचं तळं झालं होतं. त्यात भिजत घातलेले लोकांचे शर्ट पसरले होते, कातरणांची टोपली अर्धी काळी पडली होती, आणि भिंत चांगली हातभर वर काजळली होती. मध्येच स्वयंपाकघरातला पत्र्याचा ट्रे. ट्रेमध्ये फुटलेला भुईनळा. आणि बाजूला आडवा पडलेला लाल सिलिंडर. पिन उपसलेली. पिन हरवू नये म्हणून ती नीट उंबऱ्यावर ठेवलेली होती. विझवे प्रत्येक प्रात्यक्षिकात ती अशीच बाजूला ठेवत.

काय घडलं ते त्यांना कुणी सांगायची गरज उरली नाही. ते उंबऱ्यावरच बसले.

बायको भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेली होती. थोड्या वेळाने दोघी परतल्या. भिंगरीच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी पट्टी, आणि एका कानामागची वेणी अर्धीच उरलेली. डॉक्टर म्हणाले होते, की आईने बराच वेळ नळाच्या पाण्याखाली हात धरला हे फार चांगलं केलं, जखम वरवरची आहे, डाग राहील न राहील. डोळा थोडक्यात वाचला.

भिंगरी बापाकडे न बघता खाटेवर जाऊन बसली. बायको दारातच उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि विझव्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"सिलिंडर रिकामा होता," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती व्हरांड्यात जाऊन लोकांचे शर्ट पिळू लागली.

विझवे खाटेशी खाली बसले. भिंगरी आपण होऊन बोलली.

"मैदानावरून मी तो न पेटलेला आणला होता. तुमच्यासारखं प्रात्यक्षिक करून बघणार होते. सोमवारी आमच्या शाळेत तुमचं आहे ना, म्हणून."

"मग?"

"लायटरने लावला. पेटलाच नाही. म्हणून कान दिला. सळसळत नव्हता. मेलेलाच होता, बाबा, खरंच. आणि मग एकदम..."

"हं."

"मग टोपली पेटली. मी घाबरले नाही. पिन काढली, नळी मुळाशी धरली, दाबलं. तुम्ही करता तस्संच केलं. नुसतं फुस्स झालं. परत दाबलं. परत फुस्स. मग खूप वेळ दाबत राहिले."

"ओरडली का नाहीस? आई पुढच्याच खोलीत होती."

"ओरडले असते तर आई धावत आली असती."

"अगं, मग?"

"मग तिला कळलं असतं."

शिवणयंत्राच्या आवाजात बायकोला आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं. केस जळल्याचा वास आला म्हणून ती उठली होती, आणि शर्ट भिजत घातलेली बादलीच तिने आगीवर ओतली होती. वास यायला आणखी थोडा वेळ लागला असता तर, हा विचार त्यांनी अर्ध्यावरच सोडला.

"बाबा."

"काय?"

"रिकामा होता, तर भिंतीवर कशाला होता?"

या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे सोपं होतं. ते तोंडातून काढणं अवघड होतं. "आईला कळू नये म्हणून," विझवे म्हणाले.

भिंगरीने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपल्यासारखंच कुणीतरी भेटावं तसं पाहिलं. विझव्यांना तो कटाक्ष पट्टीपेक्षाही लागला.

त्यानंतरचे दोन दिवस नवरा-बायकोत जे बोलणं झालं ते तुकड्यातुकड्यांत झालं. भांडी घासताना, दिवा मालवताना, शर्टांच्या मालकांना तोंड देऊन आल्यावर.

"तुम्ही हातात भुईनळे नाचवता."

"आणि तू सकाळी तिच्या हातात लायटर देतेस."

"माझ्या तोंडात टाचण्या असतात."

"माझ्या मागे लोक असतात."

"लोकांच्या शिट्ट्यांसाठी करता ते. माझं काम असतं, तुमची हौस असते."

हे खरं होतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "हात मोडीन म्हणाले होते मी तिला. मीच. म्हणून पोर ओरडली नाही. हात भाजत होता तरी ओरडली नाही." आणि यंत्राच्या पायट्यावर पाय ठेवून ती तशीच बसून राहिली. यंत्र काही चाललं नाही.

सोमवारचं प्रात्यक्षिक रद्द करावं, असं विझव्यांच्या मनात शंभरदा आलं. मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला, तर त्याच आधी बोलल्या. "या हं नक्की. आणि आग जरा मोठी करा. मागच्या वेळी मुलं फार खूश झाली होती."

विझवे गेले. स्कूटरला दोन सिलिंडर. एक भरलेला, एक घरचा. घरचा त्यांनी का घेतला, हे त्यांचं त्यांनाही नीट ठरवता आलं नव्हतं. मैदानात सगळे वर्ग रांगेत बसले होते. चौथीच्या रांगेत भिंगरी, हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेली, वेणी कापून सारखी केलेली. ती मैत्रिणींच्या कानात काहीतरी सांगत होती आणि मैत्रिणी माना वळवून ट्रेकडे बघत होत्या. तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. मुलीचा आपल्यावरचा विश्वास गेला असेल, या भीतीने ते दोन दिवस झोपले नव्हते. तो गेला नव्हता, आणि आता त्याचीच त्यांना भीती वाटली.

त्यांनी ट्रे ठेवला. पाणी ओतलं. मुलं सरसावून बसली.

"आग दिसली, तर पहिलं काय करायचं?" त्यांनी सवयीने विचारलं.

"पिन काढायची," सगळं मैदान एका आवाजात म्हणालं.

विझव्यांच्या हातातला डिझेलचा डबा तसाच राहिला. इतकी वर्षं, इतक्या शाळा. कमरेएवढ्या पोरांना आपण हेच शिकवत आलो. आगीजवळ जा आणि पिन काढा. मोठ्यांना हाक मारा, हे एकाच्याही तोंडातून आलं नाही, कारण ते आपल्याच तोंडातून कधी निघालं नव्हतं.

त्यांनी डबा खाली ठेवला. घरचा सिलिंडर उचलून पुढच्या रांगेतल्या एका गुबगुबीत मुलाला बोलावलं.

"दाब."

मुलाने दोन्ही हातांनी दाबलं. फुस्स. मुलं खदखदून हसली.

"पुन्हा दाब."

फुस्स.

"हा माझ्या घरचा आहे," विझवे म्हणाले. "भिंतीवर होता, आणि आतून रिकामा होता. बाहेरून कळत नाही. म्हणून मुलांनी सिलिंडरच्या भरवशावर राहायचं नाही. सिलिंडर मोठ्यांचं काम. आता मला सांगा, आग तुमच्याच हातून लागली, तर काय कराल?"

त्या गुबगुबीत मुलानेच खाली बघत उत्तर दिलं, "पळून जाईन."

"आणि कुणाला सांगशील?"

"कुणालाच नाही."

"का?"

"मारतील."

या वेळी कुणी हसलं नाही. हसल्या त्या कडेला उभ्या असलेल्या दोन शिक्षिका, आणि त्याही अर्ध्यावर थांबल्या.

"पळायचं, हे बरोबर," विझवे म्हणाले. "पण गप्प नाही पळायचं. ओरडत पळायचं. आग कुणी लावली हे नंतर. मार बसला तर बसला, भाजण्यापेक्षा बरा. चला, ओरडून दाखवा."

मुलांना एवढंच हवं होतं. असा आरडाओरडा उठला की शेजारच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या आणि शाळेचा शिपाई घंटा टाकून धावत आला. मुख्याध्यापिकाबाईंनी कानांवर हात ठेवले. मग आवाज ओसरला आणि मागच्या रांगेतून पहिली आरोळी आली, "आता आग!" बघता बघता सगळ्यांनी ताल धरला. आग, आग, आग.

विझव्यांनी चौथीच्या रांगेकडे पाहिलं. भिंगरीही एका हाताने मांडीवर ताल धरत होती.

खोटं कशाला बोला, हात शिवशिवले. भरलेला सिलिंडर शेजारी होता. एक काडी, एक ज्वाळा, आणि सगळं मैदान पुन्हा त्यांचं झालं असतं. त्यांनी ट्रेमधलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि ट्रे दोरीने पायाशी, तिसऱ्या सिलिंडरच्या जागी बांधायला घेतला. मुलांनी नाराजीचा मोठा सूर काढला. टाळी एकही वाजली नाही.

"जरा विचित्रच झालं आज," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू मग." विझवे "बरं" म्हणाले.

परतताना भिंगरी स्कूटरवर मागे तोंड फुगवून बसली होती.

"आग का नाही लावलीत? मी सगळ्यांना सांगितलं होतं, भिंतीएवढी लावतात म्हणून. सगळ्या हसल्या मला."

"मला पण हसले."

"मग लावायची होती ना."

"मी लावली की तुलाही लावावीशी वाटते."

"पण तुम्हाला विझवता येते."

"रिकाम्या सिलिंडरने मलाही येत नाही."

हे तिला पटलं की नाही कळलं नाही. तिने नुसतं एवढंच विचारलं, "घरचा भरायला टाकला?"

"आता तिकडेच चाललोय."

भरलेला सिलिंडर खिळ्यावर आला. काच खोलीकडे. भिंगरी येता-जाता मान वाकडी करून काटा बघू लागली, आणि विझवे मुकाट्याने बघू देऊ लागले. सकाळचं दूध आता विझवे ठेवत आणि बहुतेक वेळा उतू घालवत. पुढच्या सामन्यानंतर मैदानावरून बोलावणं आलं, तेव्हा ते पाण्याची बादली आणि लांब काठी घेऊन गेले. भुईनळे जमिनीवर ठेवून, काठीला लावलेल्या फुलबाजीने दुरून पेटवले. जो पेटला नाही त्यावर दुरूनच बादली ओतली. "काय विझवे, म्हातारे झालात," कुणीतरी म्हणालं. "व्हायला नको?" एवढंच ते म्हणाले. पण परतताना चेहरा उतरलेला होता, हे बायकोने बरोबर टिपलं आणि त्या रात्री एकही टोमणा मारला नाही.

भिंगरीच्या हाताची पट्टी सुटली. कोपराजवळ फिकट गुलाबी पट्टा राहिला. विझव्यांच्या मनात मात्र एक गोष्ट टांगून राहिली होती. मैदानात शेकडो पोरं ओरडली, त्यांत भिंगरीही ओरडली होती. तो खेळ होता. घरात, एकटी असताना, स्वतःच्या हातून काही झालं तर ही ओरडेल का? हे कुणाला विचारता येत नाही, आणि मुद्दाम करूनही बघता येत नाही.

एका सकाळी ते दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस. बायको दारात एका गिऱ्हाइकाचं माप घेत होती. आणि आतून आवाज आला.

"आऽऽई! बाबाऽऽ! आग!"

विझवे वस्तऱ्यासकट धावले. बायको मापाची टेप गळ्यात घेऊन धावली. तिच्या मागे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकामागे शेजारी. इस्त्रीच्या टेबलाजवळ भिंगरी दोन्ही हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर ओलसर कापडावर इस्त्री ठेवलेली होती आणि तिच्या कडेने पांढरी वाफ निघत होती. बाकी काहीही नव्हतं.

"मी लावली होती इस्त्री," भिंगरी एका दमात म्हणाली. "बाहुलीचा फ्रॉक होता. मीच लावली."

विझव्यांनी इस्त्री बंद केली. बायकोचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं. "एवढ्याशा वाफेसाठी सगळी गल्ली गोळा..." आणि तिथेच ती थांबली. तिने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "बरं केलंस हाक मारलीस."

ते म्हणताना तिला किती जड गेलं, हे विझव्यांना दिसत होतं. शेजारी हसत परत गेला. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, माझी बाही राहिली."

भिंगरी अजून भिंतीलाच टेकून होती. "खोटीच निघाली," ती पुटपुटली.

"निघू दे," विझवे म्हणाले. त्यांनी वस्तरा टेबलावर ठेवला. "इस्त्रीबद्दल आपण तिघं संध्याकाळी बसून बोलू. मार नाही. पण बोलू."

"आणि मला परत काही दिसलं तर?"

"परत ओरड."

"खोटं असलं तरी?"

"खोटं आहे की खरं, ते मी येऊन बघेन."

बायको दारातून म्हणाली, "आता रोज दिसणार हिला काहीतरी. बघाच तुम्ही."

दुसऱ्याच दिवशी दुधाची वाफ दिसली. विझवे न्हाणीघरात होते. ते तसेच धावत आले.